टेकूऐवजी पैलवान

पैलवान त्या दुपारी कोणाच्याही धक्क्याशिवाय विमानात चढला, आणि ताईला पहिली शंका तिथेच आली.

एरवी पैलवान चढणं हा एक सोहळाच असायचा. मालाच्या दाराला लोखंडी शिडी लावायची, दोघांनी खालून ढकलायचं, एकानं वरून हात द्यायचा, आणि ट्रॅक्टरवाल्यानं बसल्या जागेवरून म्हणायचं, "पैलवान विमानात चढतोय की विमान पैलवानात, ते बघा रे कोणीतरी." पैलवान आत जाऊन बॅगांच्या ढिगावर टेकला की सगळे हुश्श करायचे आणि मग खरं काम सुरू व्हायचं. त्या दिवशी मात्र त्यानं शिडीला हात लावला न लावला तोच तो वर. ढकलायला गेलेल्या दोघांचे हात हवेतच राहिले आणि दोघंही हसले. ताई हसली नाही.

आता एवढा थोरला माणूस मालाच्या खोलीत कशाला बसवायचा, हे बाहेरच्याला सांगायला गेलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढेल. पण गोष्ट साधी आहे. ह्या विमानतळावर दिवसातून तीन वेळा सत्तर माणसांचं पंख्याचं विमान यायचं. त्याचं माणसांचं दार शेपटीकडे, आणि मालाची मोठी खोली पुढे, वैमानिकाच्या पाठीमागे. विमान थांबलं की सत्तर माणसं एकदम उठतात आणि शेपटीकडे गर्दी करतात. त्याच वेळी कोणी पुढचा माल काढायला घेतला तर पुढची बाजू हलकी होते. मग बाकड्याच्या एका टोकाचा माणूस उठल्यावर दुसऱ्या टोकाच्याचं जे होतं, तेच विमानाचं होतं. फरक इतकाच, की इथे त्या टोकाखाली माणसं काम करत असतात. म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. माणसाएवढा उंच लोखंडी दांडा, खाली ताटाएवढा पाय, बस्स. विमानाच्या मानानं अगदीच फडतूस वस्तू, पण ती नसेल तर दार उघडायचं नाही असा नियम आहे.

तो टेकू सात महिन्यांपूर्वी ट्रॅक्टरखाली येऊन वाकला. दुरुस्तीला गेला तो गेलाच. विमानाला वीज देणारी गाडी तर त्याच्याही आधी बंद पडलेली, त्यामुळे विमान उभं असतानाही त्याचं एक इंजिन, पंखा थांबवून, तसंच घोंघावत ठेवावं लागायचं. त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंसुद्धा कानात ओरडल्याशिवाय कळायचं नाही. आणखी काय काय नव्हतं ते सांगत बसलं तर विमान परत जायची वेळ होईल.

ताई ह्या सगळ्याची मुकादम. उतरलेलं विमान पुन्हा उडेपर्यंत त्याच्या आसपास जे काही हलतं ते तिच्या हातवाऱ्यावर. तिच्या हाताखाली पाच माणसं होती: दोन हमाल, ट्रॅक्टरवाला, पैलवान आणि तिचा सख्खा मोठा भाऊ. दादा तिच्या आधी दहा वर्षं इथे लागला होता, तिला इथे त्यानंच आणलं होतं, पण परीक्षा ती पास झाली आणि मुकादम ती झाली. दादानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कामावर तो तिला मॅडम म्हणायचा, पण असं, की चिडवतोय हे लांबून कळावं. एकाच घरात खाली ती आणि वर दादा-वहिनी. सकाळी निघताना वहिनी दोघांचे डबे हातात द्यायची आणि रोज तेच म्हणायची, "ह्यांना सांभाळ गं. पुढेपुढे करायची खोड आहे." दादा मागचा माल सांभाळायचा. म्हणजे शेपटीतल्या छोट्या खोलीत चढणं, तिथल्या पेट्या उतरवणं, आणि टेकू होता तेव्हा टेकू लावणं.

टेकू गेला त्या पहिल्या दिवशी ताईनं सकाळच्या तपासणीच्या कागदावर टेकूपुढे "नाही" लिहिलं होतं. तासाभरात साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज कधी चढवायचे नाहीत, चहा विचारायचे. "नाही लिहिलं की विमान येत नाही," ते म्हणाले, "आणि विमान आलं नाही की आपणही इथे राहत नाही. आठवड्याचा प्रश्न आहे. वरून नवीन येतोय. तोवर भागवा." मग त्यांनी तो कागद हळूच दुमडून खिशात घातला आणि कोरा कागद पुढे केला. ताईनं "आहे" लिहिलं. एकदा लिहिलं की दुसऱ्यांदा हात कापत नाही, आणि दहाव्यांदा तर आपण काय लिहितोय हेही दिसत नाही.

पैलवानाची युक्ती दादाची. "एकशे तीस किलोचा ऐवज आपण उगाच बाहेर उभा करतो," तो म्हणाला होता. "आत बसवा त्याला." आणि खरंच, पैलवान पुढे बसला की माणसं उतरत असतानाही निम्मा माल बाहेर काढता यायचा. पुढे पुढे ते मापच झालं. एक पैलवान म्हणजे निम्मा माल. माप बरोबर आहे की नाही ते बघायलाही त्यांनी एक खूण धरली होती. विमानाच्या पुढच्या चाकाच्या वर एक चकचकीत दांडा असतो. पुढे वजन असलं की तो आत दबतो, वजन गेलं की बाहेर येतो. चार बोटं दिसला तर ठीक. सहा बोटं दिसला तर थांबायचं. पैलवान बसला, दांडा चार बोटं दिसला, की ताई वैमानिकाला अंगठा दाखवायची. वैमानिक समजायचा टेकू लागला, आणि दार उघडायचं. त्याला बसल्या जागेवरून शेपटी दिसत नाही. जे खालचा माणूस सांगेल ते खरं.

त्या दुपारी विमान चाळीस मिनिटं उशिरा आलेलं. वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता, म्हणजे ते घाबरलेले होते. "बावीस जणांना पुढचं विमान गाठायचंय. मागच्या महिन्यात तुम्ही एकदा काम थांबवलं होतं, ते वर लक्षात आहे. आज तसं काही नको."

आणि मागच्या खोलीत नेमक्या कसल्याशा यंत्राच्या जड पेट्या होत्या. दादा शेपटीकडे जाताना तिच्याजवळून गेला आणि कानात ओरडला, "मॅडम, आज आमचं कंबरडं मोडणार." ती म्हणाली, "सावकाश काढ." त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

मग पैलवान चढला, तो असा, टुणकन. ताईला ते खटकलं. पण दांडा चार बोटं होता. माल सगळा आत होता, तेव्हा तो चार बोटं असणारच, त्यात पैलवानाचं काही कर्तृत्व नव्हतं. हे तिला कळत होतं. तरी तिनं अंगठा वर केला. साहेबांचा आवाज कानात होता, सात महिन्यांची सवय हातात होती, आणि आधी हात वर गेला, विचार मागाहून आला. ह्या एका गोष्टीबद्दल तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

दार उघडलं. ह्या विमानाचं दारच खाली कलून जिना होतं. त्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहते. माणसं उतरू लागली. बावीस जणांना घाई होती, त्यामुळे पुढच्या रांगांतलेही आधीच उठून मागे दाटले होते. दोन्ही हमालांनी पुढचा माल काढायला घेतला. ट्रॉली भरायला लागली.

ताई शिडीपाशी गेली आणि वर पाहिलं. पैलवान बॅगांवर बसला होता. भर उन्हाची वेळ, आणि ह्या माणसानं अंगात दोन जाकिटं घातली होती. वरच्या जाकिटाखालून पट्ट्याचं टोक लोंबत होतं, चांगलं हातभर. तिनं हातानं विचारलं, काय रे? पैलवानानं अंगठा दाखवला आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

आपल्या माणसानं नजर चुकवली की आपल्याला कळतंच. ताई दोन पायऱ्या चढली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "वजन किती तुझं?"

"आहे की."

"किती?"

पैलवानाचं तोंड एवढंसं झालं. "ब्याण्णव," तो म्हणाला.

तिला वाटलं आवाजात आपण चुकीचं ऐकलं. "किती?"

"ब्याण्णव, ताई. चार महिन्यांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरांनी खाणं तोडलं. बायको रोज दोन तास चालवते." मग तिनं काही विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला, "सांगितलं असतं तर परत पेट्या उचलायला लावलं असतं. गुडघे गेलेत माझे."

चार महिन्यांत माणूस जवळजवळ चाळीस किलोनं उतरला, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात कसं येणार? रोज दिसणारा माणूस रोज तेवढाच दिसतो. हे सगळे त्याला अजून एकशे तीसच धरून चालले होते, आणि तो बिचारा जाकिटावर जाकीट चढवून त्यांची समजूत राखत होता. ताईनं वळून ट्रॉलीकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त माल खाली आला होता.

मग तिनं दांड्याकडे पाहिलं. आठ बोटं.

दांडा आणखी बाहेर येत होता. सावकाश, घाई नसल्यासारखा, तेल लागलेला, उन्हात चमकणारा. नऊ बोटं. तिनं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले, थांबा. हमाल थांबले. पण माणसांना तिची खूण कशी कळणार? ती उतरतच होती, आणि आत आणखी पन्नासेक जण शेपटीकडे उभे होते. शेपटीत दादा होता.

तिचे पाय मागे धावायला निघालेही. चार पावलं ती धावली असेल. मग तिला कळलं की मागे जाऊन ती काहीही करू शकणार नाही. दोन हातांनी ती विमान उचलून धरणार नव्हती. उलट तिच्यापाशी ह्या घडीला उपयोगाचं एकच होतं, ते म्हणजे तिचं स्वतःचं अठ्ठावन्न किलो वजन, आणि ते पुढे हवं होतं. भावाकडे पाठ करून पुढे जायचं होतं. असला हिशेब देवानं वैऱ्यालाही घालू नये.

ती फिरली. एका हमालाची कॉलर धरून तिनं त्याला शिडीकडे ढकललं, दुसऱ्याला ओढलं, ट्रॅक्टरवाल्याला हातानं बोलावलं, आणि सगळ्यांमागून स्वतः चढली. शिडीची वरची पायरी विमानाच्या दारापासून आता वीतभर खाली राहिली होती. ती पोटावर सरपटत आत गेली. "पुढे," ती ओरडली, "भिंतीला चिकटा, जेवढं पुढे जाता येईल तेवढं."

त्या अंधाऱ्या खोलीत पाच माणसं वैमानिकाच्या पाठच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. पायाखालची जमीन वर येत होती. अगदी हळू, पण तळव्यांना कळत होतं. एक बॅग आपण होऊन घसरली आणि शेपटीच्या बाजूच्या भिंतीवर जाऊन थांबली. पैलवान तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मागे कुठेतरी धप्प असा आवाज झाला आणि तो सगळ्या विमानातून तिच्या दातांपर्यंत आला. ताईनं डोळे मिटले. तिला वहिनीचं तोंड दिसलं, डबा देतानाचं.

मग भिंतीपलीकडून पावलांचा आवाज यायला लागला. पुष्कळ पावलं, पुढे येणारी. विमानातल्या हवाईसुंदरीला शेपटी खाली जाताना कळली होती, आणि तिनं जीव खाऊन ओरडून माणसांना पुढे पिटाळलं होतं. त्या मुलीचं वय बावीस असेल. त्या दिवशी तिच्याइतकं शहाणं दुसरं कोणी नव्हतं. जमीन थांबली. क्षणभर तिथेच अधांतरी राहिली, आणि मग सावकाश खाली यायला लागली. पुढचं चाक दबलं तसे सगळे जरा पुढे हेलपाटले.

"कोणी हलू नका," ताई म्हणाली, आणि स्वतः खाली उतरून धावत सुटली.

दादा जिन्यापाशी जमिनीवर बसला होता. त्याच्या पुढ्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि दोघं एकमेकांकडे बघत होते. पायाखाली विमान कलतंय हे कळल्यावर दादानं मागच्या खोलीतून बाहेर उडी टाकली होती आणि लांब पळायचं सोडून जिन्याकडे आला होता, कारण ते म्हातारे शेवटच्या पायरीवर होते. त्यांना त्यानं बाजूला ढकललं. जिन्याची कड जमिनीला टेकली तेव्हा तिच्याखाली दादाचा उजवा हात होता.

"चिऊ," तो तिला पाहून म्हणाला, "हाताचं काही कळत नाहीये गं."

घरातलं नाव त्यानं कामावर पहिल्यांदा घेतलं होतं. ताईनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच चेहऱ्याकडे पाहिलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत एक खाट, एक कपाट आणि एक खुर्ची होती. दादा खाटेवर, हात फळीला बांधलेला, रुग्णालयाची गाडी यायची होती. ताई खाटेच्या कडेवर. पैलवान दाराबाहेर उभा होता, आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. साहेब आले, त्यांनी दादाची विचारपूस केली, पाणी हवं का विचारलं, आणि मग खुर्ची ओढून मांडीवर फाईल उघडली.

"त्या आजोबांच्या खांद्याला लागलंय," ते म्हणाले. "चौकशी होणार. मला आज संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचंय." त्यांनी एक कागद वर काढला. "इथे टेकू आहे असं लिहिलंय. आज सकाळची सही आहे. कालची आहे. सात महिन्यांत एकही दिवस चुकलेला नाही. मग टेकू असताना तो लावला का गेला नाही?"

ताईला क्षणभर कळेना, हे साहेब कोणाला विचारताहेत. ते त्या दोघांइतकंच सगळं जाणत होते. मग तिला कळलं की ते कोणालाच विचारत नाहीयेत, ते कागद वाचताहेत.

"लावायचं काम कोणाकडे असतं?" साहेबांनी विचारलं आणि दादाकडे पाहिलं नाही.

सात महिने ताई स्वतःला एक गोष्ट सांगत आली होती. खोटं लिहितोय, उद्या भोवलं तर आपल्याला भोवेल, आपण निस्तरू. त्यात तिला थोडी फुशारकीही वाटायची, की माणसांसाठी आपण जोखीम घेतो. पण तिनं प्रत्येक "आहे" लिहिताना दुसरंही काहीतरी लिहिलं होतं, ते तिला ह्या खुर्चीपुढे बसल्यावर दिसलं. टेकू आहे, म्हणजे ज्यानं तो लावला नाही तो दोषी. दोनशेहून जास्त सकाळी तिनं आपल्या हातानं आपल्या भावाविरुद्ध साक्ष देऊन ठेवली होती.

"माझं काम," दादा म्हणाला. "विसरलो मी. उशीर झाला होता, घाईत राहून गेलं."

"माणूस आहे, विसरतो," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी पेन उघडलं. "इतक्या वर्षांची नोकरी आहे, मी समजुतीनं घ्यायला सांगेन वर."

"दादा, गप्प बस," ताई म्हणाली.

"तू बोलू नकोस चिऊ. माझा हात तसाही गेला. मला आता कोण पेट्या उचलायला देणार आहे? तू तरी राहा."

त्यानं हे इतकं साधं सांगितलं, घरातलं काही वाटून घ्यावं तसं, की ताईला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. तिला भीती वाटत होती. इतकी, की दादा म्हणतोय तसं होऊ द्यावं असं एका कोपऱ्यात खरंच वाटून गेलं. ते वाटलं म्हणूनच ती बोलली.

"लिहा साहेब. टेकू सात महिने नाहीये. 'आहे' मी लिहिलं, रोज, माहीत असून. वैमानिकाला अंगठाही मीच दाखवला."

साहेबांचं पेन थांबलं. "तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? सही तुमची आहे. माझ्याकडून लेखी काही गेलेलं नाही."

"नाही गेलं. तुम्ही नुसतं भागवा म्हणालात. लिहिलं मी."

"मग ह्यात तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दादानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि ताईला पहिल्यांदाच वाटलं, की ह्यांनाही कोणीतरी वरून भागवा म्हणालं असेल, आणि त्याच्यावरच्यानं त्याला. पण आता त्यांची कीव करायला तिला सवड नव्हती. वॉकीटॉकी बोलला होता. तिसरं विमान पंचवीस मिनिटांवर होतं.

तिनं साहेबांच्या फाइलीतून एक कोरा कागद ओढला आणि तिथेच खाटेवर ठेवून त्यावर "नाही" लिहिलं, खाली सही केली.

"विमान हवेत आहे," साहेब म्हणाले. "आता असं करून कसं चालेल?"

"उतरू दे ना. उतरायला टेकू लागत नाही. दार उघडणार नाही एवढंच."

तिसरं विमान वेळेवर आलं. ताई त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली. वैमानिकानं काचेतून हात उडवून विचारलं, काय झालं? तिनं एक हात शेपटीकडे दाखवला, मग रिकामा तळवा दाखवला. त्यानं मान हलवली आणि कानाला लावलेल्या यंत्रात बोलायला लागला. तिच्या मागे हमाल हात बांधून उभे होते. पैलवान त्यांच्याहून मागे, एका जाकिटात. खिडक्यांमधून माणसांची तोंडं दिसत होती, आधी नुसती बघणारी, मग त्रासलेली, मग एकेक जण घड्याळ दाखवायला लागला. दादाला घेऊन रुग्णालयाची गाडी केव्हाच गेली होती. वहिनीला फोन करायची ताईची हिंमत झाली नव्हती, तो पैलवानानं आपल्या बायकोला सांगून करवला. साहेब इमारतीच्या सावलीत फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. त्यांचा आवाज आज प्रथमच चढलेला होता, पण तो वरच्यांवर.

दहा मिनिटांनी तिचे खांदे भरून आले. तिनं हात खाली घेतले, पण जागा सोडली नाही. आपण बरोबर करतोय असं तिला काही फार वाटत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की आता हटलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

सत्तर मिनिटांनी फाटकातून एक छोटा ट्रक आत आला. चालकानं मागची फळी खाली पाडली. आत गोणपाटावर एक टेकू आडवा पडला होता. चांगला, धड, फक्त धूळ बसलेला. ताईनं त्याच्यावरून हात फिरवला.

"कुठून आणलात?" तिनं विचारलं.

"आपल्याच कंपनीच्या पलीकडच्या तळावरून," चालक म्हणाला. "तिथे दोन आहेत. हा कोपऱ्यात पडून होता."

"आज कोणी मागितला?"

"आत्ताच, तासाभरापूर्वी फोन आला. आधी सांगितलं असतं तर आधीच टाकला असता गाडीत. मी रोज येतोच की इकडे."

टेकू ताईनंच लावला. पैलवानानं दांडा धरला, तिनं खिळी बसवली, दोनदा हलवून बघितली, आणि मग समोर जाऊन अंगठा वर केला. दार उघडलं. माणसं उतरायला लागली. "सत्तर मिनिटं कोंडून ठेवलं," कोणीतरी तिच्याजवळून जाताना म्हणालं, "माणसांच्या जिवाची काही किंमत नाही ह्यांना."

शेवटचा माणूस उतरल्यावर तिनं रुग्णालयात फोन लावला. फोन दादानं स्वतःच उचलला. दोन हाडं मोडली होती, उद्या सकाळी शस्त्रक्रिया होती. बोटं हलतील की नाही ते नंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तिकडे काय झालं?" त्यानं विचारलं.

"टेकू आला."

"आला? कुठून गं?"

ताईनं सांगितलं. दोन होते हे सांगितलं, कोपऱ्यात पडून होता हे सांगितलं, ट्रक रोज येतो हेही सांगितलं.

"चिऊ," दादा म्हणाला, "हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस."